कायम ‘नंबर दोन’

तुमचा शेवटचा ग्रुप प्रोजेक्ट आठवा. पहिल्या स्लाइडवर सगळ्यात वर एकाचं नाव होतं. रात्री दोन वाजेपर्यंत जागून डेटा भरणारा, फॉरमॅटिंग करणारा आणि ऐन वेळी प्रोजेक्टर रुसला तेव्हा लॅबकडे धावत सुटलेला मात्र दुसराच कुणीतरी होता. टाळ्या पहिल्याला मिळाल्या. दुसरा ‘अँड टीम’मध्ये गेला. तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी ‘अँड टीम’ झाले असतील. काही जण आजही असतील.

आजची गोष्ट अशाच एका माणसाची आहे. फ्रान्सिस क्रोझिअर. ब्रिटिश नौदलातला अधिकारी, पृथ्वीच्या दोन्ही टोकांचा बर्फ बघून आलेला दर्यावर्दी, आणि जवळपास सगळी कारकीर्द दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली काढलेला माणूस. शेवटी एकदाची संपूर्ण मोहिमेची सूत्रं त्याच्या हातात आली. तेव्हा त्याच्या दोन्ही जहाजांना बर्फानं जवळपास नऊ महिने जखडून ठेवलं होतं, प्रमुख मरण पावला होता, आणि जवळची मदत शेकडो किलोमीटर दूर होती. ‘द टेरर’ ही २०१८ची मालिका पाहिली असेल, तर जॅरेड हॅरिसनं केलेला कप्तान तुम्हाला आठवेल. तोच हा. फक्त मालिकेतला राक्षसी प्राणी बाजूला ठेवा. खऱ्या गोष्टीला त्याची गरज नाही.

पेशवाई, आयर्लंड आणि तेरा वर्षांचा पोरगा

क्रोझिअरचा जन्म १७९६चा, आयर्लंडमधल्या बॅनब्रिज या छोट्या गावातला. तेरा भावंडांत हा अकरावा. वडील वकिली करायचे. त्यांनी मुलाचं पूर्ण नाव ठेवलं फ्रान्सिस रॉडन मॉयरा क्रोझिअर. त्यांचा एक बडा मित्र होता, फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, अर्थात लॉर्ड मॉयरा. हे नाव त्याच्यावरून ठेवलेलं. नाव ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. हाच लॉर्ड मॉयरा १८१३मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. खडकीची लढाई, दुसऱ्या बाजीरावाचा पराभव, १८१८मध्ये पेशवाईची अखेर, हे सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. शाळेच्या पुस्तकातला लॉर्ड हेस्टिंग्ज तो हाच.

नाव मोठ्या माणसाचं मिळालं, पण वशिला काही तेवढा मोठा नव्हता. १८१०मध्ये, तेराव्या वर्षी क्रोझिअर नौदलात दाखल झाला. ज्या वयात आपण आठवीच्या युनिट टेस्टला घाबरत होतो, त्या वयात तो जहाजावर होता. नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५मध्ये संपलं आणि ब्रिटिश नौदलाकडे अधिकारी उदंड झाले, कामं मात्र उरली नाहीत. बढती मिळवायची तर ओळख लागायची, घराणं लागायचं. नाहीतर मग असं काहीतरी काम, ज्याला इतर जण नको म्हणतील.

असं काम होतं आर्क्टिकचं. युरोपातून निघून कॅनडाच्या डोक्यावरून थेट पॅसिफिक महासागरात उतरायचं, हे इंग्रजांचं जुनं स्वप्न. याला म्हणायचे वायव्य मार्ग. सुएझ कालवा अजून व्हायचा होता. आशियात यायचं तर आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला वळसा घालावा लागे. वरून शॉर्टकट सापडला तर? या ‘तर’पायी अख्खी पिढी बर्फात गेली.

बर्फाची डिग्री

१८२१मध्ये क्रोझिअर विल्यम एडवर्ड पॅरीच्या मोहिमेत मिडशिपमन म्हणून गेला. मिडशिपमन म्हणजे आजच्या भाषेत ट्रेनी. त्या मोहिमेनं दोन हिवाळे आर्क्टिकमध्ये काढले, तेही इन्युइट लोकांच्या शेजारी. क्रोझिअर त्यांच्यात मिसळला, त्यांची भाषा थोडीफार शिकला. लांब ढांगा टाकत चालणाऱ्या माणसाला इन्युइट ‘अग्लूका’ म्हणत. हे नाव पुढे आणखी काही गोऱ्या प्रवाशांनाही मिळालं, पण क्रोझिअरही त्यांच्यासाठी अग्लूकाच होता. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१८२४ला पुन्हा पॅरीबरोबर. १८२७ला उत्तर ध्रुवाकडे जायचा प्रयत्न झाला, तेव्हाही पॅरीच्याच जहाजावर. मग १८३९ ते १८४३ अशी चार वर्षं थेट दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाला. या मोहिमेत दोन जहाजं होती. ‘एरेबस’चा कप्तान आणि मोहिमेचा प्रमुख होता त्याचा जिवलग मित्र जेम्स क्लार्क रॉस. ‘टेरर’चा कप्तान होता क्रोझिअर. म्हणजे इथेही नंबर दोनच.

ही जहाजं मुळात शोधमोहिमांसाठी बांधलेली नव्हती. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर तोफगोळे डागायला ती बांधली होती. तोफेचा धक्का सोसायचा म्हणून त्यांचं लाकूड जाडजूड, आणि म्हणूनच बर्फातही टिकणारं. त्यांच्या नावावरून अंटार्क्टिकातल्या दोन पर्वतांना माउंट एरेबस आणि माउंट टेरर म्हणतात. एका भूशिराला केप क्रोझिअर हे नाव मिळालं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापांत क्रोझिअरनं इतकं काम केलं, की १८४३मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला माणूस! डिग्री म्हणाल तर त्याची डिग्री बर्फातली होती.

याच काळात जहाजं टास्मानियातल्या होबार्टला थांबली. तिथला गव्हर्नर होता सर जॉन फ्रँकलिन, स्वतःही जुना आर्क्टिक प्रवासी. त्याची भाची सोफिया क्रॅक्रॉफ्ट हिच्यावर क्रोझिअरचा जीव जडला. त्यानं लग्नाचं विचारलं, तिनं नकार दिला. पुढे इंग्लंडमध्ये त्यानं पुन्हा विचारलं, उत्तर तेच. ‘नाही म्हणजे नाही’ हे त्यानं मुकाट्यानं स्वीकारलेलं दिसतं. मन मात्र खचलं.

इंटरव्ह्यू न झालेली नोकरी

१८४५. ब्रिटिश नौदलानं ठरवलं, आता वायव्य मार्गाचा सोक्षमोक्षच लावायचा. जहाजं तीच, एरेबस आणि टेरर. त्यांना रेल्वेच्या जुन्या इंजिनांवरून तयार केलेली वाफेची यंत्रं बसवली. तीन वर्षांचं अन्न भरलं, त्यात आठ हजारांच्या आसपास डबाबंद खाद्यपदार्थांचे डबे. हजाराहून जास्त पुस्तकं. प्रश्न एकच, प्रमुख कोण?

पॅरीला आता नको होतं. रॉसनं नुकतंच लग्न केलं होतं, तो नाही म्हणाला. अनुभवाच्या यादीत पुढचं नाव होतं क्रोझिअरचं. पण तो आयरिश होता आणि घराणं साधं. लंडनच्या दरबारी वर्तुळात या गोष्टी मोजल्या जायच्या. शिवाय त्यानं स्वतःही पुढे होऊन दावा केला नाही. एवढ्या मोठ्या मोहिमेचं नेतृत्व आपल्याला झेपेल असं वाटत नाही, असं त्यानं रॉसला कळवलं होतं.

इथे जरा थांबा. बर्फातल्या इतक्या मोहिमा करून आलेला माणूस म्हणतो, मला झेपणार नाही. हे वाचताना तुम्हाला तुमच्या वर्गातलं कुणी आठवतंय का? ज्याला सगळं येतं, पण ‘कोण करणार?’ विचारल्यावर ज्याचा हात वर जात नाही? वर्षानुवर्षं तुम्ही दुसरेच असाल, तर एक दिवस तुम्हालाही ते खरं वाटू लागतं.

प्रमुखपद गेलं ५९ वर्षांच्या फ्रँकलिनकडे. क्रोझिअर पुन्हा ‘टेरर’चा कप्तान, पुन्हा नंबर दोन. आणखी एक गोष्ट त्याला लागली असणार. ‘एरेबस’चं कामकाज जेम्स फिट्झजेम्स या तरुण, देखण्या, गप्पिष्ट अधिकाऱ्याकडे दिलं होतं. त्यानं आर्क्टिक कधी पाहिलंच नव्हतं. तरीही बहुतेक खलाशांची निवड त्यानं केली आणि चुंबकीय मोजमापांचं कामही त्याच्याकडे गेलं. रॉयल सोसायटीचा फेलो बाजूच्या जहाजावर बसून होता.

१९ मे १८४५ला मोहीम टेम्स नदीतून निघाली. ग्रीनलंडहून क्रोझिअरनं रॉसला शेवटचं पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की तुझ्याविना फार एकटं वाटतंय, आणि मोसम उलटून चाललाय, आपण उशीर करतोय अशी धास्ती वाटते. तिथून पाच जणांना परत पाठवलं. उरले १२९. जुलैअखेर दोन व्हेलमारी जहाजांनी त्यांना बॅफिनच्या उपसागरात पाहिलं. त्यानंतर त्यांच्यातला एकही माणूस घरी परतला नाही.

एका फॉर्मचा समास

पुढे काय झालं, हे सांगणारा मोहिमेचा अधिकृत कागद जवळपास एकच सापडला. तो कागद म्हणजे नौदलाचा छापील फॉर्म. ‘सापडल्यास लंडनला पाठवावा’ अशी सूचना त्यावर सहा भाषांत छापलेली. २८ मे १८४७ला लेफ्टनंट ग्रॅहॅम गोरच्या तुकडीनं तो किंग विल्यम बेटावर ठेवला. मजकूर थोडक्यात असा, की जहाजं अमुक ठिकाणी आहेत, सर जॉन फ्रँकलिन प्रमुख आहेत, सगळं ठीक.

अकरा महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा बाहेर काढला गेला. आता छापील जागा भरलेली, म्हणून नवा मजकूर चारी बाजूंच्या समासात लिहिलाय. अक्षर फिट्झजेम्सचं, तारीख २५ एप्रिल १८४८. जहाजं १२ सप्टेंबर १८४६पासून बर्फात अडकलेली आहेत. २२ एप्रिलला ती सोडली. फ्रँकलिन ११ जून १८४७ला वारले. आतापर्यंत ९ अधिकारी आणि १५ खलाशी गेले. ज्यानं ‘सगळं ठीक’वाला कागद तिथे नेला, त्या गोरचा उल्लेखही आता ‘दिवंगत’ असा आहे. कॅप्टन क्रोझिअरच्या नेतृत्वाखाली १०५ माणसं किनाऱ्यावर उतरली आहेत.

खाली क्रोझिअरची सही. आणि त्याच्या हातची एक छोटीशी पुरवणी, की उद्या, २६ तारखेला, आम्ही बॅक नदीकडे निघतोय.

आयुष्यभर दुय्यम राहिलेल्या माणसाचा प्रमुख म्हणून उरलेला हा एकमेव आदेश. वय ५१.

असं झालं कसं? एक कारण नकाशात होतं. त्या वेळच्या नकाशांवर किंग विल्यम बेट हे बेट नव्हतंच, ते मुख्य भूमीला जोडलेलं दाखवलं होतं. त्यामुळे पूर्वेकडून वाट बंद आहे असं समजून जहाजं पश्चिमेकडून गेली. तिथे वायव्येकडून जाड बर्फ सतत दाबत येतो आणि काही उन्हाळ्यांत तो वितळतच नाही. क्रोझिअर प्रमुख असता तर वेगळं घडलं असतं का? सांगता येत नाही. नकाशा त्याच्याकडेही तोच होता. त्याला जास्त काय माहीत होतं, तर बर्फाशी घासाघीस करता येत नाही, हे.

बॅक नदीचं मुख साधारण चारशे किलोमीटरवर. तिथून पुढे हडसन्स बे कंपनीचं ठाणं आणखी शेकडो किलोमीटर आत. आजारी, उपाशी माणसांनी लाकडी बोटी स्लेजवर चढवून ओढायच्या. अशीच एक बोट पुढे सापडली. तिचं स्लेजसकट वजन १,४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे सहाशे किलोहून जास्त असावं असा अंदाज केला गेला. तिच्यात दोन सांगाडे होते. सोबत चहा, चॉकलेट, पुस्तकं आणि चांदीचे काटे-चमचे.

ज्यांना माहीत होतं

इंग्लंडनं शोधासाठी तीसहून जास्त मोहिमा पाठवल्या. फ्रँकलिनची पत्नी लेडी जेन हिनं त्यासाठी आकाशपाताळ एक केलं. तिच्यासोबत सतत होती सोफिया क्रॅक्रॉफ्ट, जिनं क्रोझिअरला दोनदा नाही म्हटलं होतं. तिनं नंतरही लग्न केलं नाही.

खरी बातमी १८५४मध्ये आली. डॉ. जॉन रे या प्रवाशाला इन्युइट लोकांनी सांगितलं, की चाळीसेक गोरे बोट ओढत दक्षिणेकडे जाताना दिसले होते. पुढे त्यांची प्रेतं सापडली, आणि शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं होतं. पुरावा म्हणून रेनं अधिकाऱ्यांची चांदीची भांडी आणली. लंडन भडकलं. चार्ल्स डिकन्सनं लेख लिहून इन्युइटांच्या शब्दावर विश्वास ठेवायलाच नकार दिला. सभ्य इंग्रज असं करूच शकत नाही म्हणे! ‘जंगली’ लोकांची साक्ष कोण मानणार?

समासात लिहिलेला तो कागद १८५९मध्ये, मॅक्लिंटॉकच्या मोहिमेतल्या विल्यम हॉब्सनला मिळाला. मार्ग आणि मृत्यू, दोन्ही इन्युइटांनी सांगितल्याच्या दिशेनं जुळत गेले. १९९०च्या दशकात हाडांवर सुरीच्या खुणा दिसल्या. २०२४मध्ये डीएनए चाचणीतून एक जबडा खुद्द फिट्झजेम्सचा निघाला. त्यावरही तशाच खुणा होत्या. डिकन्स चुकला होता, इन्युइट बरोबर होते.

त्यांच्याच आठवणींत क्रोझिअरची बहुधा शेवटची झलक आहे. काही इन्युइट कुटुंबांना बेटाच्या दक्षिण बाजूला गोऱ्यांची एक तुकडी भेटली. म्होरक्या होता ‘अग्लूका’. तो हातवारे करत, तोडक्यामोडक्या इन्युइट भाषेत बोलला, अन्न मागितलं. त्यांनी थोडं सीलचं मांस दिलं. पण एवढ्या माणसांना पोसण्याइतकं त्यांच्याकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कुटुंबं निघून गेली. हा अग्लूका क्रोझिअरच असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. तसं असेल, तर पंचविशीत शिकलेले चार परके शब्द हे त्याच्याकडे उरलेलं शेवटचं हत्यार होतं.

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त हेच टोचतं. वाचण्यासाठी लागणारं ज्ञान त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसांकडे होतं. कपडे कसे घालायचे, शिकार कुठे मिळते, लहान गटांनी का फिरायचं. नौदलानं बरोबर चांदीची भांडी दिली, पण हे शिकून घ्यायची तजवीज केली नाही. साठ वर्षांनी नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन सहा सोबत्यांना घेऊन छोट्याशा जहाजातून गेला. तो दोन हिवाळे इन्युइटांच्या शेजारी राहिला, त्यांच्याकडून शिकला, बेटाच्या पूर्वेच्या बाजूनं पुढे सरकला आणि १९०६मध्ये वायव्य मार्ग पार करून बाहेर पडला.

बंद दार

लंडनमध्ये फ्रँकलिनचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर एक शिल्पपट्टी आहे. फ्रँकलिनच्या शवपेटीपाशी एक अधिकारी प्रार्थना म्हणतोय. तो क्रोझिअर. पुतळ्यातसुद्धा खालच्या मजल्यावर. बॅनब्रिजनं मात्र १८६२मध्ये आपल्या माणसाचं वेगळं स्मारक उभारलं. उंच खांबावर क्रोझिअर आणि भोवती चार दगडी ध्रुवीय अस्वलं. चंद्रावरच्या एका विवरालाही त्याचं नाव आहे.

२०१४मध्ये ‘एरेबस’ सापडलं. २०१६मध्ये ‘टेरर’ सापडलं, तेही एका इन्युइट माणसामुळे. सॅमी कोगविकनं काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा खांब पाहिला होता. त्यानं ते शोधपथकाला सांगितलं, या वेळी पथकानं ऐकलं, आणि जहाज मिळालं. गंमत म्हणजे त्या खाडीचं नाव आधीपासूनच टेरर बे होतं.

२०१९मध्ये कॅनडाच्या पाणबुड्यांनी रोबो कॅमेरा आत सोडला. फळ्यांवर ताटल्या रचलेल्या होत्या. कप्तानाच्या केबिनमध्ये टेबल जागच्या जागी, खण मिटलेले. थंड पाणी आणि गाळ यांमुळे त्या खणांत अजून कागद शाबूत असू शकतील. त्या मजल्यावर एकच दार बंद सापडलं. ते कप्तानाच्या झोपायच्या खोलीचं.

जाताना बहुधा त्यानंच ते लावून घेतलं असेल. आत काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. सदतीस वर्षं ज्याचं मत क्वचितच विचारलं गेलं, त्याला काही सांगायचं असेल, तर ते कदाचित त्या खणांमध्ये आहे. तोवर तुमच्या पुढच्या ग्रुप प्रोजेक्टला एक करा. हात वर न करणाऱ्या त्या एकाला आधी विचारा, ‘तुला काय वाटतं?’